टिटवीच्या नाकातलं शिसं

लांबी दहा मीटर चाळीस सेंटिमीटर. पंखांचा पसारा अकरा मीटर वीस. उंची, चाकांवर उभं असताना, तीन मीटर दहा. इंजिन एक, वैमानिकाच्या पाठीमागे, जोर दीड हजार किलोचा. वेग ताशी आठशे सत्तर किलोमीटर, तोही सहा हजार मीटर वर गेल्यावर. तोफा चार. रिकामं वजन तीन हजार एकशे पंच्याऐंशी किलो.

हे सगळं माझ्या दादाला तोंडपाठ आहे. तो ब्याऐंशी वर्षांचा आहे, डोळ्यांनी जवळजवळ अधू झालाय, सकाळची गोळी घेतली की नाही हे त्याला आठवत नाही, पण टिटवीचे आकडे विचारा, एका दमात म्हणून दाखवेल. समारंभात त्याला माइकसमोर उभं केलं की तो हेच करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मध्येच अडकला तर पहिल्या रांगेत बसलेली मी हळूच पुढचा आकडा सांगते. मग तो मान हलवतो, लोक कौतुकाने हसतात. आमची ही जोडी ठरलेली आहे, निदान होती.

यातला शेवटचा आकडा खोटा आहे. पुस्तकांत तोच छापलाय, पोरं परीक्षेत तोच लिहितात, मीही कितीदा तरी पहिल्या रांगेतून तोच पुरवलाय. तो खोटा आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं. माझं वय अडुसष्ट.

टिटवी हे कारखान्यातलं लाडाचं नाव. कागदावर ती ‘प्रकार सात’. तोवर आमच्याकडे पंख्याची विमानं बनायची. हे पहिलंच बिनपंख्याचं लढाऊ विमान. पुढे काही फिरणार नाही आणि मागून नुसती आग बाहेर पडणार, हे ऐकून जुने मिस्त्री नाक मुरडायचे. पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा ते असं किंचाळलं, की कॅन्टीनमधले लोक हातातले चमचे घेऊन बाहेर धावले. कोणीतरी म्हणालं, “अरे, ही तर टिटवी!” नाव चिकटलं ते चिकटलंच.

दादा तिचा मुख्य डिझायनर. तेव्हा सदतीस वर्षांचा. आमचे आईवडील मी नऊ वर्षांची असताना पाठोपाठ गेले आणि त्यानेच मला वाढवलं. माझ्या वेण्या तो घालायचा, त्या वाकड्या यायच्या. गणित तो शिकवायचा, ते मात्र सरळ आलं. तेविसाव्या वर्षी त्याने मला वजनघरात नोकरीला लावलं. वशिल्याची म्हणून लोक कुजबुजले. सहा महिन्यांनी कुजबुज थांबली, कारण मी सगळ्यांना सारखीच छळत होते.

वजनघर म्हणजे हँगरच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली. एक लहान काटा, एक मोठा काटा, एक टेबल आणि मी. नियम एकच: विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढणार, आणि काट्यावर चढलेली वस्तू शिक्क्याशिवाय उतरणार नाही. विमानातून काही बाहेर काढायचं तरी माझी सही असलेली चिठ्ठी लागायची. रंगारी माझ्याशी आठवडाभर भांडला. “बाई, रंगाला कसलं आलंय वजन?” म्हणे. मी रंगवण्याआधी डबे मोजले, रंगवून झाल्यावर मोजले. एकोणीस किलो भरला त्याचा रंग. नंतर तो मला दिसला की मुकाट्याने डबा काट्यावर ठेवायचा.

खरा घोळ इंजिनवाल्यांनी घातला. त्यांनी सांगितलं होतं सातशे किलो. पेटी उघडून काट्यावर घेतलं तर सातशे ऐंशी. ते ऐंशी किलो नेमके विमानाच्या मागच्या अंगाला. टिटवीला पहिल्यांदा तिच्या तीन चाकांवर उभी केली तर तिने नाक वर केलं आणि शेपटीवर बसली, दमलेल्या कुत्र्यासारखी. सगळं हँगर हसलं. मी नाही हसले. शेपूट जड असलेलं विमान जमिनीवर बसतं तेव्हा गंमत वाटते. हवेत वैमानिकाने नाक जरासं वर केलं की ते आपणहून आणखी वर जातं, आणि त्याला थांबवता येत नाही.

उपाय जुनाच होता. नाकात शिसं भरायचं. नाकाच्या आतल्या वळणाप्रमाणे आठ पाट्या ओतून घेतल्या, प्रत्येकी चौदा किलोच्या. पंच आणि हातोडी घेऊन प्रत्येकीवर मी आकडे ठोकले: आधी विमानाचा, मग पाटीचा. एक-एक, एक-दोन, असं एक-आठपर्यंत. खाली माझी खूण, तीन टिंबं. दुसरं विमान अर्धवट होतं, त्याच्या आठ पाट्यांवर दोन-एक ते दोन-आठ. मग हँगरची दारं बंद करून, पंखे थांबवून, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा पंख उचलते आणि काटा खोटं बोलतो, तीन चाकांखाली तीन काटे लावून, ओळंबा सोडून, फरशीवर खडूच्या रेघा मारून मी सगळं पुन्हा मोजलं. तोल जिथे हवा तिथे आला होता. रिकामं वजन, म्हणजे वैमानिक, इंधन आणि गोळ्या सोडून, पण शिसं धरून, भरलं तीन हजार दोनशे एक्केचाळीस.

पहिलं उड्डाण अकरा मिनिटांचं झालं. वैमानिकाला सगळे फुटपट्टी म्हणत. उंच, सडसडीत, बसला की गुडघे हनुवटीला लागतील असा. प्रत्येक उड्डाणाआधी त्यालाही काट्यावर चढावं लागे. दाराशी उभा राहून विचारायचा, “काय काटेवाल्या बाई, जेवून चढू की उपाशी?” मी म्हणायचे, “जेवून. उपाशी माणसाचा हात थरथरतो.” जेवून यायचा आणि एकोणऐंशी किलो भरायचा, न चुकता. खाली उतरला की आधी माझ्या खिडकीवर टकटक करून सांगायचा, “तोल झकास आहे.” अशी चार उड्डाणं झाली. चारही वेळा टकटक झाली.

पाचवं उड्डाण गिऱ्हाइकासमोर होतं. गिऱ्हाईक म्हणजे हवाई दलाचे पाच अधिकारी, आणि त्यांच्या करारात रिकाम्या वजनाची मर्यादा होती तीन हजार दोनशे. सकाळी त्यांच्यादेखत आधी फुटपट्टीला काट्यावर चढवलं, मग विमानाचं वजन केलं. एक्केचाळीस किलो जास्त. त्यांच्यातला एक डोळे बारीक करून काट्याकडे बघत राहिला. दादा म्हणाला, “सकाळी दवाचा ओलावा असतो. दुपारी पुन्हा करू.” मी तोंड उघडणार होते, एक्केचाळीस किलो दव पडायला विमान तळ्यात बुडवावं लागेल असं सांगणार होते, तेवढ्यात दादाने मला बाजूला घेतलं. “छोटे, हे नकाशे शहरातल्या ऑफिसात आत्ताच्या आत्ता पोचव. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.”

मी ताठ मानेने गेले. विश्वास आहे म्हणाला ना.

चार वाजता परत आले तेव्हा धावपट्टीच्या पलीकडे काळा धूर होता आणि फाटकावरचा पहारेकरी माझ्याकडे बघत नव्हता. टिटवी वर चढताना तिने नाक उचललं ते उचलतच गेली. मग गिरकी. मग जमीन. फुटपट्टीला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा घरी आला. मी स्वयंपाकघरात होते. त्याने दार लावलं, माझ्या गणिताचा कागद खिशातून काढला आणि म्हणाला, “मागच्या टाकीचं अंतर धरताना तू चुकलीस. त्या दिवशी ती पहिल्यांदाच काठोकाठ भरली होती, त्या वजनाने तोल मागे गेला.”

“शक्य नाही,” मी म्हणाले. “दाखव.”

“बघून काय करणार आहेस? तो परत येणार आहे?” त्याने कागद चुलीत टाकला. मी हात घातला तर त्याने माझं मनगट धरलं. “अहवालात तुझं नाव येणार नाही. मी बघून घेतलंय. फक्त तू गप्प राहायचं, आयुष्यभर.”

अहवालात आलं: वैमानिकाची चूक. नाक प्रमाणाबाहेर उचललं. वजनाच्या रकान्यात तीन हजार एकशे पंच्याऐंशी. तो आकडा बघून मी विचारलं होतं, तेव्हा दादा म्हणाला, “तू गेल्यावर रेडिओ आणि चाचणीच्या मापकांची पेटी काढली. छप्पन्न किलो.” मी पुढे काही विचारलं नाही. स्वतःच्या हातून माणूस मेल्यावर दुसऱ्याच्या आकड्यांवर कोण बोट ठेवतं?

दुसरी टिटवी त्यानंतर एकतीस वेळा उडाली. पण तोवर दुसरीकडे मागे वळवलेल्या पंखांची विमानं आली होती आणि आमची सरळ पंखांची टिटवी वर्षभरात म्हातारी ठरली. प्रकल्प गुंडाळला. विमान एका तंत्रशाळेच्या अंगणात गेलं, मुलांना स्क्रू काढायला आणि लावायला.

मी अपघातानंतर लगेच नोकरी सोडली होती. फरशांच्या गोदामाच्या ऑफिसात तीस वर्षं पत्रं टाइप केली. आकड्यांचं काम आलं की शेजारणीकडे सरकवायचे. दादाने लग्न केलं नाही, म्हणाला, तुझ्याकडे कोण बघणार. मग मीही केलं नाही. त्याचं जेवणखाण, त्याचे कपडे, पुढे त्याच्या डोळ्यांत थेंब घालणं, सगळं मी केलं आणि आनंदाने केलं. त्याने मला पाठीशी घातलं होतं, नाही का! फुटपट्टीची बायको रस्त्यात समोरून दिसली की मी गल्ली बदलायचे. आणि भांडी घासताना, पायऱ्या चढताना, ते जुनं गणित मनातल्या मनात पुन्हा पुन्हा करायचे. दर वेळी ते बरोबर यायचं. मला वाटायचं, माझा मेंदू लबाड आहे, मला बरं वाटावं म्हणून आठवणच बदलतोय.

दोन महिन्यांपूर्वी संग्रहालयाच्या प्रमुख बाई घरी आल्या. तंत्रशाळेतली टिटवी त्यांनी आणली होती, दुरुस्ती चालू होती. उद्घाटन दादाच्या हस्ते करायचं होतं आणि विमानाशेजारच्या फलकावर इतिहास आणि सगळी मापं हवी होती. दादा म्हणाला, “फलक छोटी लिहील. तिला सगळं पाठ आहे.” मी हो म्हटलं. दादाला मी कधी नाही म्हटलंय?

दुरुस्तीच्या कामावर पानेवाला होता. हा आमच्याच कारखान्यातला जोडारी, तेव्हा तिशीचा, आता पंच्याहत्तरीचा, पण पाना हातात असला की वय विसरतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. “ताई, नाक उघडलंय. तुमच्या खात्यातला माल आहे. येऊन बघा, मला काही कळेना.”

मी गेले. शेडमध्ये टिटवीचं नाक सोलल्यासारखं उघडं होतं. आत शिशाच्या पाट्या. मी सवयीने मोजल्या. बारा.

“आठ हव्यात,” मी म्हणाले.

“म्हणूनच तर बोलावलं. पुढच्या आठ ठीक आहेत. त्यांच्या मागे या चार कोणीतरी नंतर आवळल्यात. बोल्ट वेगळे आहेत बघा.”

त्याने बॅटरी धरली. मी चष्मा पुसला आणि वाकले. पहिल्या पाटीवर माझ्या हातचा एक-पाच. शेजारी एक-सहा. एक-सात. एक-आठ. प्रत्येकीखाली तीन टिंबं.

पहिल्या विमानाच्या पाट्या. पहिलं विमान जळून खाक झालं होतं. त्याच्या नाकात असलेलं शिसं वितळून जमिनीत गेलं असणार, अशी माझी पंचेचाळीस वर्षांची समजूत.

पानेवाल्याने पाट्यांवरून बोट फिरवलं. “याच त्या चार. म्हणजे या भंगारात गेल्याच नाहीत तर.”

“कोणत्या त्या चार?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी झाले आहे. “ताई, तुम्हीच काढायला सांगितल्या होत्या ना? त्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीत.”

मी जवळचं स्टूल ओढून बसले. तो बोलत गेला, आधी भराभर, मग अडखळत. त्या दिवशी दुपारी हँगर रिकामं असताना दादा त्याच्याकडे आला होता. वजनघराचं नवं गणित आलंय, म्हणाला, मागच्या चार पाट्या जास्त होतायत, काढ. “मी चिठ्ठी मागायला हवी होती. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मागितलीच असती. पण तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण. बहिणीचं गणित भाऊ सांगतोय, त्यात चिठ्ठी काय मागायची? मग दुपारी वजन बरोबर मर्यादेत बसलं. सगळे खूश. आणि मग…”

“रेडिओ काढला होता?”

“कुठला? काही नाही काढलं. चार पाट्या तेवढ्या.”

चौदा चोक छप्पन्न.

“तू कधी बोलला नाहीस,” मी म्हणाले.

“मला वाटलं तुमची चूक झाली.” त्याने पाना खाली ठेवला. “म्हटलं, पोरगी तेवीस वर्षांची. माणूस तर गेलाच. तिचं आयुष्य कशाला नासवायचं? दुसऱ्या आठवड्यात मला इंजिनाच्या शेडमध्ये हलवलं. या पाट्यांचं पुढे काय झालं ते मला आज कळतंय, ताई.”

पुढे काय झालं ते मला कळत होतं. अपघातानंतर दुसरं विमान उडवायची वेळ आली तेव्हा दादाला भीती वाटली. आठ पाट्यांवर त्याचं समाधान होईना. नव्या ओतायला सहा दिवस लागले असते आणि तेवढा दम कुणाला नव्हता. चांगलं, वळणात ओतलेलं शिसं हाताशी पडलेलं. आमच्या कारखान्यात खिळासुद्धा वाया घालवायची पद्धत नव्हती. त्याने वापरलं. वर ठोकलेले आकडे कोण वाचणार? वाचणारी तर घरी भांडी घासत होती.

मी एक-पाच नंबरची पाटी मागून घेतली. चौदा किलो या वयात हाताने उचलवत नाही, बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घालून ओढत आणली. चार गल्ल्या. रस्ताभर मी मोठमोठ्याने बोलत होते असं शेजारीण नंतर म्हणाली. काय बोलत होते ते तिने सांगितलं नाही. बरंच झालं.

दादा जेवणाच्या टेबलाशी रेडिओ ऐकत बसला होता. मी रेडिओ बंद केला आणि पाटी त्याच्यासमोर आदळली. कप उलटला.

“काय आहे?” तो म्हणाला.

“हात लाव.”

त्याची बोटं पाटीवरून फिरली. कडेने, मग मधून. ठोकलेल्या आकड्यांवर आली आणि थांबली. डोळ्यांपेक्षा त्याची बोटं चांगली आहेत. तीन टिंबं त्याने एक-एक करून चाचपली.

“कुठे मिळाली?”

“जिथे तू ठेवलीस तिथे.”

त्याने चाचपत उलटलेला कप सरळ केला. मला आत कुठेतरी वाटत होतं, की आता तो काहीतरी सांगेल आणि सगळं पुन्हा जागेवर बसेल. मी इतकी मूर्ख आहे, की अजूनही वाट बघत होते.

“एक्केचाळीस किलोंनी करार गेला असता,” तो म्हणाला. “बावीसशे माणसं होती कारखान्यात, छोटे. सहा वर्षांचं काम. मला वाटलं, एक उड्डाण आहे. फुटपट्टी निभावून नेईल. हात चांगला होता त्याचा.”

“त्याला सांगितलं होतंस? शिसं काढलंय म्हणून?”

त्याने मान हलवली. नाही.

“आणि मला? मला का सांगितलंस माझी चूक झाली म्हणून? वैमानिकाची चूक म्हणून अहवाल लिहिला होताच ना! कुणाच्याही गळ्यात घालायचं ते घातलंस. मला कशाला?”

“कारण तू गप्प बसली नसतीस.” त्याचा आवाज अगदी साधा होता, गणित समजावून सांगायचा तसा. “तू पुन्हा गणित मांडलं असतंस. तुझं बरोबर होतं, तुला पटलं असतं, आणि मग तू सरळ नाकापर्यंत पोचली असतीस. अख्ख्या कारखान्यात तेवढं करणारी तू एकटीच होतीस. तुला स्वतःवर शंका यायला हवी होती.”

मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

शत्रूने केलं असतं तर कळलं असतं. ज्याने माझ्या वेण्या घातल्या, मला पाढे शिकवले, त्याने मी बरोबर आहे हे पक्कं माहीत असताना माझा केसाने गळा कापला. आणि मी पंचेचाळीस वर्षं त्याच्या डोळ्यांत थेंब घालत, त्याचे उपकार मानत राहिले. त्या दुपारी मी रडले नाही. मला राग इतका आला होता, की रडायला जागाच नव्हती.

“फलकावर ते लिहू नकोस,” तो म्हणाला. “मी आहे तोवर तरी.”

“लिहिणार आहे. पण फलक उघडण्याआधी तुझं भाषण आहे. तू स्वतः सांग. तू सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. शब्द देते.”

त्याने पाटीवरचा हात काढून घेतला. “बरं,” तो म्हणाला. “सांगतो.”

दुसऱ्या दिवशी मी गल्ली बदलली नाही. फुटपट्टीच्या बायकोच्या दारावर टकटक केली. ती आता सत्तरीची, केस आखूड कापलेले, हातात बागेची कात्री. मी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसायचा मला हक्क वाटत नव्हता. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही त्याला दर वेळी काट्यावर चढवायचात. त्या दिवशी तो जेवला होता का? सकाळी आमचं भांडण झालं होतं. मला अजून ते कळलेलं नाही.”

त्या दिवशीचा आकडा मला आठवत होता. सगळे आठवतात. “एकोणऐंशी,” मी म्हणाले. “जेवून आला होता.”

तिने कात्री खाली ठेवली आणि मला आत बोलावलं.

संग्रहालयाच्या बाईंनी चारही पाट्या तपासल्या, फोटो काढले, पानेवाल्याचा लेखी जबाब घेतला. मग फलक माझ्याच शब्दांत ठेवला आणि खाली माझं नाव घातलं: वजने व मापे, अमुक हिने. दादाने जबाबाबद्दल विचारलं नाही. मीही बोलले नाही. शब्द दिला होता त्याने.

उद्घाटनाला हॉल भरला होता. टिटवी झळाळत होती, एकोणीस किलो नवा रंग लेऊन. शेजारी पडद्याआड फलक. मी दादाला हात धरून माइकपर्यंत नेलं, पण पहिल्या रांगेत बसले नाही. मागे जाऊन फुटपट्टीच्या बायकोशेजारी बसले. पानेवाला भिंतीला टेकून उभा होता.

दादा सुरू झाला. सहा वर्षांचं काम, जागून काढलेल्या रात्री, त्या काळची माणसं. फुटपट्टीचं नाव घेतलं, शूर म्हणाला. त्याच्या बायकोने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग लोक ज्याची वाट बघत होते ते आलं. लांबी. पंखांचा पसारा. उंची. इंजिनाचा जोर. लोक हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते.

“रिकामं वजन,” दादा म्हणाला, आणि थांबला.

त्याने मान पहिल्या रांगेकडे वळवली, माझ्या नेहमीच्या खुर्चीकडे. दिसत तर काही नव्हतं त्याला. सांग, दादा. मी येते उठून, तुझ्या शेजारी उभी राहते, सांग फक्त.

“तीन हजार एकशे पंच्याऐंशी किलो.”

मी उठले. माझी खुर्ची मागे सरकली, तिचा आवाज झाला. “तीन हजार दोनशे एक्केचाळीस,” मी म्हणाले, जेवढ्या जोरात म्हणता येईल तेवढ्या जोरात.

हॉलमध्ये कौतुकाचा हशा पिकला. म्हाताऱ्या भावाला बहीण आकडा पुरवतेय, असंच सगळ्यांना वाटलं. दादाचा चेहरा क्षणभर पडला. मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळून तो हसला, तेच समारंभातलं, माइकसमोरचं हसू.

“ऐकलंत?” तो लोकांना म्हणाला. “बरोबर असेल. माझी बहीण आकड्यांत कधीच चुकत नाही.”

टाळ्या झाल्या. पंचेचाळीस वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी तळमळले, ते त्याने टाळ्यांवर खर्चून टाकलं.

त्याच टाळ्यांत त्याने दोरी ओढली. पडदा खाली पडला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी, डोळे चांगले असलेल्या कोणीतरी, दादासाठी म्हणून फलक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लांबी दहा मीटर चाळीस. रिकामं वजन तीन हजार दोनशे एक्केचाळीस. नाकातलं शिसं एकशे बारा किलो. मग तो आवाज जरा हळू झाला, पण वाचत राहिला: पाचव्या उड्डाणाच्या दिवशी, वैमानिकाला न सांगता, मुख्य डिझायनरच्या हुकमावरून, त्यातलं छप्पन्न किलो काढण्यात आलं.